वाचकांचे प्रश्न : सायटेशन मोजून विद्वानांचा नंबर लावायचा का?

मागच्या अंकात एच-इंडेक्सबद्दल जाता जाता दोन ओळी लिहिल्या होत्या (सायटेशन म्हणजे एकाच्या लिखाणाचा दुसऱ्याने दिलेला संदर्भ, आणि एखाद्याच्या सहा पेपर्सना प्रत्येकी निदान सहा सायटेशन्स असतील, पण सात पेपर्सना सात नसतील, तर त्याचा एच-इंडेक्स ६), त्यावर इतके मेल आले की या वेळचं सगळं सदर त्याच विषयाला द्यायचं ठरवलं. चार पत्रं घेतलीत, नावं आणि संस्था काढून टाकल्यात, मजकूर थोडा छोटा केलाय.

प्रश्न : नमस्कार मॅडम. मी समाजशास्त्रात काम करते. आमच्या विभागप्रमुखांनी सांगितलं की आपल्या उपविषयातले जगातले आघाडीचे पन्नास अभ्यासक कोण याची सायटेशनवरून यादी करा, नवीन विद्यार्थ्यांना वाचायला दिशा मिळेल. मी दोन आठवडे बसून गूगल स्कॉलरवरून यादी केली. पहिल्या नंबरवर आले ते मुळात आकडेवारीची पद्धत शिकवणारे गृहस्थ, आमच्या विषयावर त्यांचं जेमतेम एक पुस्तक आहे. आणि जिच्या मांडणीवर आमचा अख्खा उपविषय उभा आहे ती बाई अडतिसावी. यादी अशीच देऊ का? माझं कुठे चुकलं?

उत्तर : अशीच देऊ नका. आणि तुमच्या एक्सेलमध्ये काही चुकलेलं नाही, बेरजा बरोबरच असतील. गोष्ट अशी आहे की अशा यादीत कोण वर येणार हे आकडे उतरवायच्या आधीच बरंचसं ठरलेलं असतं, आपण सुरुवातीला जे तीन-चार निर्णय फारसा विचार न करता घेतो ना, त्यांच्यात.

पहिला निर्णय म्हणजे विषयाची हद्द. तुम्ही बहुतेक गूगल स्कॉलरवर विषयाचं लेबल टाकून शोधलं असणार. ते लेबल कोणी दिलेलं असतं? त्या त्या माणसाने स्वतःच, आपलं प्रोफाइल बनवताना. पद्धतीवाल्या गृहस्थांनी पाच लेबलं लावली, त्यात एक तुमच्या विषयाचं, झालं, त्यांची सगळी सायटेशन्स तुमच्या यादीत आली, मग ती कुठल्याही विषयातल्या लोकांनी दिलेली असोत. ज्यांनी प्रोफाइलच बनवलं नाही ते तुमच्या यादीत नाहीतच, आणि जे आधीच्या पिढीत वारले तेही बहुतेक नाहीत. म्हणजे ‘जगातले आघाडीचे पन्नास’ म्हणून जे हातात आलं ते खरंतर ‘ज्यांनी प्रोफाइल काढून हे लेबल लावलं त्यांच्यातले पन्नास’.

दुसरा निर्णय, मोजतंय कोण. गूगल स्कॉलर प्रबंध, पुस्तकं, प्रीप्रिंट (जर्नलमध्ये छापण्याआधी इंटरनेटवर ठेवलेला पेपर) असं सगळंच धरतं, तर स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स हे सायटेशन मोजणारे डेटाबेस निवडलेल्या जर्नल्सवर जास्त उभे आहेत. त्यामुळे एकाच माणसाचे तीन ठिकाणी तीन आकडे येतात आणि तिन्ही ‘बरोबर’ असतात. तुमच्या शास्त्रात तर हा फरक फारच लागतो कारण समाजशास्त्रात मोठं काम पुष्कळदा पुस्तकातून येतं, आणि इंग्रजी सोडून दुसऱ्या भाषेत लिहिणाऱ्यांचं काम या यंत्रणांना फार थोडं दिसतं. तिसरा निर्णय, कधीपासूनचं. एकूण सायटेशन हा आकडा फक्त वाढतो, कमी कधीच होत नाही, त्यामुळे चाळीस वर्षं लिहिणारा आणि दहा वर्षं लिहिणारा यांना एका रांगेत उभं केलं की रांग वयाचीच लागते. चौथा, एका पेपरला चार लेखक असले तर त्याचं सायटेशन चौघांनाही पूर्ण द्यायचं की वाटून? सगळीकडे सर्रास पूर्ण दिलं जातं. २०१५ मध्ये हिग्ज बोसॉनच्या वस्तुमानावर एक पेपर आला त्याला ५,१५४ लेखक होते, आता त्या पेपरचं एक सायटेशन म्हणजे पाच हजार माणसांच्या नावावर एकेक. तिथे ती पद्धत त्या कामाच्या स्वरूपामुळे आली हे मान्य, पण हाच नियम एकट्याने पुस्तक लिहिणाऱ्या बाईंशी तुलनेला लावला की काय होतं ते तुमच्या यादीत दिसतंय.

आता पद्धतीवाले वर का जातात ते सांगते, हे सगळ्या शास्त्रांत होतं. सगळ्यात जास्त सायटेशन मिळालेला पेपर म्हणून ज्याचं नाव कायम घेतलं जातं तो १९५१ चा लाउरी आणि सहकाऱ्यांचा, नमुन्यात प्रोटीन किती आहे ते मोजायची पद्धत सांगणारा. तीन लाखांच्या वर सायटेशन्स. २०१४ मध्ये ‘नेचर’ने सर्वाधिक उद्धृत शंभर पेपर काढले तेव्हा त्यात बहुतेक सगळे असेच होते, प्रयोगाच्या पद्धती आणि सॉफ्टवेअर. डीएनएची दुहेरी सर्पिल रचना सांगणारा १९५३ चा पेपर त्या शंभरात नव्हता. पद्धत वापरली की तिचा संदर्भ द्यावाच लागतो, प्रत्येक वेळी. कल्पना मात्र एकदा पचली की लोक तिचं नाव घेणं सोडतात, ती हवेत मिसळते. तुमच्या अडतिसाव्या बाईंची संज्ञा आज पहिल्या वर्षाचा विद्यार्थी पण वापरत असेल, आणि कंसात त्यांचं नाव न लिहिता वापरत असेल. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी याला नाव दिलं होतं, ज्ञानात सामावून गेल्यामुळे पुसलं जाणं. म्हणजे कल्पना जितकी यशस्वी तितकं सायटेशन कमी, असं पण होऊ शकतं.

मर्टन तुमच्याच शास्त्रातले म्हणून आणखी एक. १९६८ मध्ये त्यांनी ‘मॅथ्यू इफेक्ट’ मांडला, ज्याचं नाव आधीच मोठं त्यालाच श्रेय मिळत राहतं. या निबंधाचा मोठा आधार हॅरिएट झुकरमन यांनी नोबेल मिळालेल्यांच्या घेतलेल्या मुलाखती होत्या आणि हे संयुक्त नावाने यायला हवं होतं असं मर्टन यांनीच नंतर लिहिलं. पण सायटेशन्स कुणाच्या नावावर जमा झाली? मर्टन यांच्या. श्रेय मोठ्या नावाकडे जातं हे सांगणाऱ्या निबंधाचंच हे झालं. पुढे १९९३ मध्ये इतिहासकार मार्गारेट रॉसिटर यांनी बायकांच्या कामाचं श्रेय पुरुषांकडे जाण्याला ‘माटिल्डा इफेक्ट’ म्हटलं. तुमच्या अडतिसाव्या नंबरकडे बघताना हे डोक्यात असू द्या.

मग करायचं काय, विभागप्रमुखांना काहीतरी द्यायचंच आहे. मला विचाराल तर एक ते पन्नास हे नंबर आधी काढून टाका. उपविषयाचे चार-पाच लहान गट पाडा, प्रत्येक गटात साधारण एकाच दशकात लिहू लागलेली माणसं एकत्र ठेवा, आकडा कुठून आणि कुठल्या तारखेला घेतला ते वर लिहा, आणि प्रत्येक नावापुढे आकड्याऐवजी ‘कशासाठी उद्धृत होतात’ हे एका ओळीत लिहा. ती ओळ लिहायला तुम्हाला उद्धृत करणारे काही पेपर उघडून ते वाक्य वाचावं लागेल. मी हे एकदा एका निवड समितीसाठी केलं होतं, एका उमेदवाराच्या सगळ्यात गाजलेल्या पेपरची सायटेशन्स एकेक उघडून बघत बसले. बहुतेक ठिकाणी प्रस्तावनेत पाच-सहा नावांच्या कंसात त्यांचं नाव, ‘यावर बरंच काम झालं आहे’ या वाक्याच्या शेवटी, बस. काही ठिकाणी आडनाव चुकलेलं, वर्ष चुकलेलं, सगळीकडे तीच चूक, म्हणजे एकाने लिहिलं आणि बाकीच्यांनी पेपर न उघडता उचललं. आणि तीन ठिकाणी मात्र कुणीतरी त्यांचं म्हणणं पानभर घेऊन त्याच्याशी भांडलेलं, आपला डेटा त्याच्यावर घासून बघितलेला. त्या तीन पानांतून मला तो माणूस कळला. आकड्यात ती तीन आणि ते कंसातले सगळे सारखेच धरले होते.

तसं बघितलं तर सायटेशनची नोंद ठेवायची कल्पना माणसांचे नंबर लावण्यासाठी आलीच नव्हती. अमेरिकेत १८७३ पासून वकिलांसाठी शेपर्डची सूची निघायची, जुन्या निकालाचा पुढे कुणी आधार घेतला, कुणी तो फिरवला, निकाल अजून टिकून आहे का, हे बघायला. युजीन गारफील्ड यांनी १९५५ मध्ये विज्ञानासाठी तशीच सूची सुचवली, शोध घ्यायला सोयीची म्हणून. वकील ‘किती वेळा’ विचारून थांबत नव्हता, ‘काय म्हणून’ हे त्याला हवं असायचं. तुमच्या विद्यार्थ्यांनाही तेच हवंय.

प्रश्न : आमच्या ओळखीतल्या एका प्राध्यापकांचं नाव जगातल्या ‘टॉप दोन टक्के शास्त्रज्ञां’च्या यादीत आलं. सगळीकडून अभिनंदन चाललंय. हा पुरस्कार असतो का? ही यादी विश्वासाची आहे का?

उत्तर : पुरस्कार नाही. कुठली समिती बसत नाही, कुणी पेपर वाचत नाही, अर्ज नसतो. अभिनंदन जरूर करा, फक्त कशाबद्दल ते माहीत असू द्या.

ही यादी जॉन आयोनिडिस आणि त्यांचे सहकारी करतात, २०१९ पासून. ते स्टॅनफर्डचे म्हणून लोक ‘स्टॅनफर्डची यादी’ म्हणतात, आकडे एल्सेव्हियरच्या स्कोपसमधून येतात. माझ्या मते या प्रकारातलं हे बऱ्यापैकी विचार करून केलेलं काम आहे. एकच आकडा न घेता सहा घेतलेत, एकूण सायटेशन्स, एच-इंडेक्स, सहलेखकांच्या संख्येनुसार दुरुस्त केलेला एच-इंडेक्स, आणि मग एकट्याने लिहिलेल्या, एकट्याने किंवा पहिल्या लेखकाच्या नात्याने लिहिलेल्या, आणि त्यात शेवटच्या लेखकाची जागाही धरून केलेल्या पेपर्सची सायटेशन्स. या सहांचा मिळून एक स्कोअर. स्वतःचीच सायटेशन्स वगळून आणि धरून असे दोन्ही आकडे दिलेले असतात. विषय २२ मोठे आणि पावणेदोनशेच्या आसपास उपविषय पाडलेत, त्यामुळे गणितवाल्याची तुलना कर्करोगाच्या संशोधकाशी थेट होत नाही. २०२४ पासून मागे घेतलेल्या पेपर्सची माहिती पण जोडतात.

विचारायच्या दोन गोष्टी. एक, नाव कुठल्या यादीत आहे? याद्या दोन असतात, एक संपूर्ण कारकिर्दीची आणि एक फक्त एका वर्षात मिळालेल्या सायटेशन्सची. अभिनंदनाच्या पोस्टवर हे क्वचित लिहिलेलं असतं आणि दोन्हींचा अर्थ खूप वेगळा आहे. दुसरं, स्वतःची सायटेशन्स वगळली की नंबर किती घसरतो? थोडा घसरला तर काही नाही, आपलंच आधीचं काम पुढे नेणारा माणूस स्वतःचा संदर्भ देणारच. धाडकन खाली गेला तर मात्र पेपर उघडून बघायला हवेत.

आकडा किती सहज फुगवता येतो हे लोकांना खरं वाटत नाही म्हणून सांगते. २०१० मध्ये सिरिल लाब्बे या फ्रेंच संगणकशास्त्रज्ञांनी आइक अंटकारे नावाचा एक संशोधक तयार केला, जो अस्तित्वातच नव्हता. सॉफ्टवेअरने बनवलेले शंभरेक निरर्थक पेपर एकमेकांचे संदर्भ देत इंटरनेटवर ठेवले, गूगल स्कॉलरने ते मोजले आणि या नसलेल्या माणसाचा एच-इंडेक्स ९४ झाला. जिथे नेमणुका आणि पैसे या आकड्यांवर ठरतात तिथे हेच हळूहळू, खऱ्या जर्नल्समधून, आपसात ठरवून होतं. वेब ऑफ सायन्स चालवणाऱ्या क्लॅरिवेट कंपनीची ‘हायली साइटेड रिसर्चर्स’ची यादी असते, २०२३ मध्ये त्यांना हजाराच्या वर नावं प्राथमिक यादीतून वगळावी लागली, आणि गणित हा विषयच त्या वर्षी काढून टाकावा लागला, कारण गणितात मुळात सायटेशन्स कमी असतात, थोडीशी ठरवून केलेली देवाणघेवाण पण माणसाला वर नेते. एका अख्ख्या विषयाचा क्रम लावता येत नाही असं यादी करणाऱ्यांनीच जाहीर केलं, याहून मोठी कबुली कुठली.

प्रश्न : माझा पेपर रिव्ह्यूहून परत आला. एका रिव्ह्यूअरने सात पेपर ‘जरूर समाविष्ट करावेत’ म्हणून दिलेत, सहा एकाच लेखकाचे, आणि माझ्या विषयाशी दोनच जुळतात. नाही घातले तर पेपर जाईल अशी भीती वाटते.

उत्तर : जुळणारे दोन घाला, वाचून घाला. बाकीच्यांबद्दल उत्तराच्या पत्रात सरळ लिहा की ‘हे वाचले, या पेपरच्या मुद्द्याशी थेट संबंध दिसला नाही म्हणून घेतले नाहीत’. शिवाय संपादकांना वेगळी चिठ्ठी लिहा, आरोप न करता, फक्त सात पेपरची यादी आणि त्यातले सहा एकाच लेखकाचे आहेत एवढंच. रिव्ह्यूअर कोण ते संपादकांना माहीत असतं, त्यांना लगेच कळतं. माझ्या उमेदीच्या काळात एका जर्नलला मी असे पाच संदर्भ मुकाट घातले होते, तेव्हा विचारायला कुणी नव्हतं. तो पेपर आजही उघडला की ती ओळ खुपते, आणि त्या माणसाच्या आकड्यात माझी ती पाच सायटेशन्स आजही मोजली जातात.

प्रश्न : ताई, मी गणितात पीएचडीच्या चौथ्या वर्षाला आहे. माझा एच-इंडेक्स २ आहे. माझ्यासोबत रूममध्ये राहणारी मैत्रीण बायोमेडिकल लॅबमध्ये आहे, तिचा ९ झाला. मी तिच्यापेक्षा कमी काम करत नाही. रोज सकाळी उठून प्रोफाइल उघडून बघते, आकडा हलतच नाही. मी या क्षेत्रात चुकीच्या जागी आलेय का?

उत्तर : अगं नाही. आधी ते रोज सकाळी बघणं बंद कर, हे मी मनापासून सांगतेय.

तुझ्या मैत्रिणीच्या लॅबमध्ये एका पेपरवर आठ-दहा जणांची नावं, प्रत्येकाच्या नावावर वर्षाला तीन-चार पेपर, प्रत्येक पेपरला पन्नास-साठ संदर्भ. गणितात एक-दोन लेखक, वर्ष-दोन वर्षांनी एक पेपर, छापून यायलाच वर्ष जातं, आणि मागे वीस-पंचवीस संदर्भ. त्यांच्याकडे सायटेशन्सचा पाऊसच जास्त पडतो, मग भांडं सारखंच असलं तरी त्यांचं आधी भरणार. तुझा २ आणि तिचा ९ यांची तुलनाच होत नाही. हे जे एच-इंडेक्सचे जनक ना, जॉर्ज हर्श, त्यांनी २००५ मध्ये हा आकडा भौतिकशास्त्रज्ञांसाठी सुचवला होता आणि विषयाविषयांत फरक पडतो हे त्यांनी त्याच पेपरात लिहिलंय. २०२० मध्ये तर या आकड्याचे किती वाईट परिणाम होऊ शकतात हे पण त्यांनीच लिहिलं.

तू गणितातली आहेस म्हणून हे कागदावर करून बघ. एकीचे दहा पेपर, सायटेशन्स ४००, २१०, ९, ८, ७, ६, ५, ३, १, ०. दुसरीचे दहा, १०, ९, ८, ८, ७, ७, ५, ४, २, १. दोघींचाही एच-इंडेक्स ६ येतो, कारण सहाव्या पेपरला निदान सहा आहेत आणि सातव्याला सात नाहीत. एकीची बेरीज ६४९, दुसरीची ६१. पहिलीने जे चारशेचं काम केलं ते एच-इंडेक्सला दिसलंच नाही, त्याच्या लेखी ४०० आणि ६ यांत फरक नाही. लिओ एग्घे यांनी २००६ मध्ये जी-इंडेक्स काढला तो यासाठीच (वरच्या सात पेपर्सची बेरीज निदान सात गुणिले सात भरली तर ७, असा), त्यात पहिलीचा १० येतो आणि दुसरीचा ७. म्हणजे आकडा बदलला की क्रम बदलतो, माणसं तीच.

आणि एच-इंडेक्स पेपर्सच्या संख्येच्या वर जाऊच शकत नाही. गणितज्ञ गाल्वा विसाव्या वर्षी गेला, हयातीत त्याचे मोजके पेपर छापले होते, मुख्य काम १८४६ मध्ये लिउव्हिल यांनी छापलं, तो मरून चौदा वर्षं झाल्यावर. पेरेलमनने प्वांकारे कंजेक्चरची, गणितातल्या एका प्रसिद्ध न सुटलेल्या प्रश्नाची, सिद्धता २००२-०३ मध्ये तीन प्रीप्रिंट्समध्ये टाकली आणि जर्नलकडे पाठवलीच नाही. भौतिकशास्त्रज्ञ पीटर हिग्ज यांनी १९६४ नंतर दहाच्या आत पेपर लिहिले आणि २०१३ मध्ये नोबेल मिळालं तेव्हा ते स्वतः म्हणाले होते की आजच्या काळात मला नोकरीच मिळाली नसती. तू पेरेलमन आहेस म्हणून ही नावं सांगत नाहीये, तुझ्या शास्त्रातलं खोल काम या फूटपट्टीत मावत नाही एवढं तुला दिसावं म्हणून.

तरी नोकरीच्या अर्जात आकडा मागतात, ते मी नाकारत नाही. तिथे आकडा लिही, सोबत एका ओळीत लिही की गणितातल्या या शाखेत, चार वर्षांत, एवढे पेपर, किती एकटीने. मग तुझ्या दोन पेपर्सबद्दल प्रत्येकी चार ओळी, प्रश्न काय होता, आधी कुठे अडलं होतं, तू काय सोडवलं, आणि तुझा निकाल पुढे कुणी वापरला असेल तर कुठल्या प्रमेयासाठी. २०१३ च्या सॅन फ्रान्सिस्को जाहीरनाम्यात, ज्याला डोरा म्हणतात, हेच सांगितलंय की माणसाचं काम जर्नलच्या इम्पॅक्ट फॅक्टरवरून (त्या जर्नलमधल्या पेपरला सरासरी किती सायटेशन्स मिळतात त्यावरून) न ठरवता त्या कामावरून ठरवा, आणि पुष्कळ संस्थांनी त्यावर सह्या केल्यात. त्यामुळे असा अर्ज वाचणारे लोक आता आहेत, मी स्वतः वाचते.

एक किरकोळ पण महत्त्वाचं काम आजच करून टाक. ऑर्किड आयडी, म्हणजे संशोधकाचा स्वतःचा ओळख क्रमांक, काढला नसशील तर काढ, सोळा आकडी असतो, फुकट असतो. तुझ्या नावाची दुसरी कुणी असेल तर तिचे पेपर तुझ्या प्रोफाइलमध्ये आलेत का किंवा तुझे तिच्याकडे गेलेत का ते बघ, आणि आले असतील तर काढून टाक, भले तुझा २ चा १ झाला तरी. आणि तुझ्या पहिल्या पेपरला ज्यांनी सायटेशन दिलंय त्यांना मेल कर, तुझा निकाल त्यांनी नेमका कुठे लावला ते विचार. उत्तर आलं की मला कळव, मला खरंच वाचायचंय.